डाव्या हाताचा शेजारी

खेळांत केलेल्या कृत्यांस नीतीचे नियम लागू आहेत कीं नाहींत, हा प्रश्न प्रथमदर्शनीं कोणासहि पोरकट वाटेल. बुद्धिबळांत प्रतिपक्ष्याचा वजीर मारणारा हिंसक ठरत नाहीं, आणि पत्त्यांत आपला हुकूम शेवटपर्यंत लपवून ठेवणारा लबाडहि ठरत नाहीं. व्यवहारांत जें निंद्य, तेंच खेळांत कौशल्य म्हणून वाखाणलें जातें. आणि डाव संपतांच दोघेहि प्रतिपक्षी एकाच किटलींतला चहा पितात. यावरून खेळ म्हणजे नीतीच्या हद्दीबाहेरची एक मोकळी जागा आहे, तेथें नियम पाळले म्हणजे मनुष्याचें कर्तव्य संपलें, असा एक समज रूढ आहे. आमचाहि तो होता. एका अगदीं क्षुल्लक प्रसंगानें तो डळमळला. त्या प्रसंगाचा विचार करतां करतां आम्ही ज्या निष्कर्षास येऊन पोंचलों, तो वाचकांपुढें ठेवावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रसंग नीट कळण्यास त्या खेळाची थोडी माहिती पाहिजे. 'मॅजिक : द गॅदरिंग' या नांवाचा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गार्फील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचला, व 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें तो १९९३ सालीं बाजारांत आणला. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत ५२ पानांचा एक कॅट असतो आणि तो सर्वांना मिळून एकच असतो. या खेळांत तसें नाहीं. याचे निरनिराळे पत्ते आज हजारोंनीं मोजावे लागतात. प्रत्येकावर एखादा प्राणी, एखादा मंत्र किंवा एखादें अस्त्र यांचें चित्र असून त्याचा गुण खालीं छापलेला असतो. आणि प्रत्येक खेळाडू त्यांतून निवडून आपला स्वतंत्र कॅट बांधतो. पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा असे पांच रंग आहेत आणि प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा आहे. प्रत्येक खेळाडूचें आयुष्य आरंभीं २० अंकांचें धरतात; प्रतिपक्ष्याचें आयुष्य जो शून्यावर आणील तो बहुधा जिंकतो.

हे पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात, आणि आंत काय निघेल हें घेणाऱ्यास आधीं ठाऊक नसतें. अर्थात् ज्याची थैली मोठी त्याचा कॅट भारी, असा प्रकार येथें सहज घडतो. हा दोष पुष्कळ अंशीं दूर करणारी जी एक रीत आहे तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. तींत एका मेजाभोंवतीं बहुधा आठ जण बसतात. प्रत्येकानें सारखेच पैसे दिलेले असतात व प्रत्येकापुढें तीन तीन बंद पाकिटें असतात. सर्वांनीं आपापलें पहिलें पाकीट फोडावयाचें, त्यांतून एक पत्ता स्वतःसाठीं ठेवावयाचा आणि उरलेले डाव्या हाताच्या शेजाऱ्याकडे सरकवावयाचे. मग उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यांतून पुन्हां एक ठेवावयाचा व बाकीचे पुढें द्यावयाचे. पाकिटांत पूर्वीं १५ पत्ते असत, २०२४ पासून बहुधा १४ असतात. म्हणजे आपण फोडलेला गठ्ठा आठ जणांच्या हातांतून फिरून परत येतो तेव्हां त्यांत सहाच पत्ते उरलेले असतात. दुसरें पाकीट उलट, म्हणजे उजवीकडे, फिरतें. तिसरें पुन्हां डावीकडे. शेवटीं हातीं आलेल्या ४२ पत्त्यांतून सुमारें २३ निवडून त्यांत भूमीचे सुमारें १७ पत्ते घातले कीं ४० पत्त्यांचा कॅट तयार होतो. भूमीचे पत्ते दुकानदारच पुरवितो. मग त्या कॅटांनीं तीन फेऱ्या खेळल्या जातात.

या रीतीकडे जरा विचारपूर्वक पाहिलें असतां असें दिसून येईल कीं, तींतील प्रत्येक निवड ही एक देणगीहि आहे. पहिल्या खेपेस आपण एक पत्ता ठेवतों आणि तेरा सोडतों, व त्या तेरांवर शेजाऱ्याचा संसार उभा राहावयाचा असतो. गंमत अशी कीं, पहिल्या दोन पाकिटांत स्वार्थ आणि शेजारधर्म एकाच वाटेनें चालतात. आपण चांगले तांबडे पत्ते सारे ठेवून घेतले, तर डावीकडचा शेजारी ओळखतो कीं वरून तांबडा येत नाहीं, व तो निराळा रंग धरतो. दुसरें पाकीट उलट फिरूं लागलें म्हणजे तोच तांबडे पत्ते आपल्याकडे सोडतो. एक शब्दहि न बोलतां दोघांत एक करार होऊन जातो, आणि जो तो मोडील त्यास दुसऱ्या पाकिटांत त्याचें फळ मिळतें. तिसऱ्या पाकिटांत मात्र ही सोय नाहीं. तें पुन्हां डावीकडे जातें आणि तेथेंच प्रकरण संपतें. शेजाऱ्याच्या हातीं परतफेड करावयास कांहीं उरत नाहीं. मनुष्य भल्यापणानें वागतो तो परतफेडीच्या आशेनें किंवा भीतीनें, कीं त्यास आणखीहि कांहीं कारण आहे, हें पाहावयाचें असेल तर तिसरें पाकीट पाहावें.

सिअ‍ॅटल शहरानजीकच्या एका उपनगरांत आमचें कांहीं महिने वास्तव्य होतें. तेथील एका लहानशा दुकानांत शुक्रवारीं संध्याकाळीं हा खेळ भरत असे. जागा साधीच : भिंतीलगत कांचेचीं कपाटें, मध्यें लांब मेजें, कोपऱ्यांत थंड पेयांची पेटी. येणारीं माणसेंहि साधींच; कोणी इस्पितळांतील परिचारिका, कोणी टपालवाला, कोणी कॉलेजांतला विद्यार्थी. बक्षीस म्हणजे दोनचार पाकिटें, तींहि बहुधा तेथेंच फोडून वांटलीं जात. खेळ चालू असतां गप्पा अव्याहत चालत, आणि चुकलेली चाल मागें घेऊं देण्याचा तेथें प्रघातच होता.

अशा एका शुक्रवारीं आमच्या डाव्या हातास बारा वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. त्याचा तो दुसराच ड्राफ्ट होता. पहिल्याच पाकिटांत त्यास एक तांबडा ड्रॅगन मिळाला. त्यानें तो सर्वांस उंच धरून दाखविला आणि जाहीर केलें कीं, आज आपण ड्रॅगनांचाच कॅट बांधणार. मेजाभोंवतीं हंशा पिकला, आम्हीहि हंसलों. पुढें दुसरा ड्रॅगन मिळाला तेव्हां तो आमच्याकडे वळून म्हणाला, "आतां एकच हवा. आला तर सोडा हं माझ्याकडे."

तिसऱ्या पाकिटाच्या चौथ्या खेपेस आमच्या हातीं अकरा पत्त्यांचा गठ्ठा आला. त्यांत तो ड्रॅगन होता. आम्ही पांढरा व निळा खेळत होतों. तांबड्या पत्त्याचा आम्हांस कवडीचाहि उपयोग नव्हता. त्याच गठ्ठ्यांत आमच्या उपयोगाचा एक बरा पांढरा सैनिक होता. आम्हीं ड्रॅगन ठेवून घेतला व बाकीचे दहा पत्ते डावीकडे सरकविले.

असें कां केलें, हें आम्हीं त्या रात्रीं स्वतःस पुष्कळदां विचारलें. हा पत्ता पुढें आपल्यावरच उलटेल, असें कारण आम्हीं त्या क्षणीं मनाशीं दिलें होतें खरें; परंतु तें कारण हिशेबास टिकणारें नव्हतें. मेजाभोंवतीं आपल्यावांचून सात जण, आणि फेऱ्या तीन. म्हणजे त्या मुलाशीं गांठ न पडण्याचाच संभव अधिक. गांठ पडली तरी ४० पत्त्यांतला तो एक पत्ता वेळेवर त्याच्या हातीं येईलच असेंहि नाहीं. उलट आमच्या कॅटांतला एक सैनिक मात्र निश्चित कमी झाला होता. जाणते खेळाडूहि असल्या अडवणुकीस बहुधा तोट्याचा सौदाच मानतात. खरें सांगावयाचें तर, दुसऱ्याची एक इच्छा आपल्या मुठींत आहे, या जाणिवेंत एक बारीकशी गोडी होती, आणि तिला आम्ही बळी पडलों.

आमची व त्या मुलाची गांठ पडलीच नाहीं. तो तीनहि फेऱ्या हरला. शेवटची तर अवघ्या एका चालीनें. खेळ संपल्यावर तो आपले पत्ते घेऊन आमच्याकडे आला आणि कॅटांत काय चुकलें तें सांगा म्हणाला. "दोनच ड्रॅगन आले. तिसरा असता तर शेवटचा डाव मीं जिंकलों असतों," असेंहि म्हणाला. आम्हीं खिशांतून तो पत्ता काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा उजळला. तो पत्ता आम्हीं कोठून व कां आणला, हें त्याच्या मनांतहि आलें नाहीं. त्यास न्यावयास आलेल्या आईजवळ त्यानें आमची मोठी वाखाणणी केली, व त्या बाईंनींहि आमचे आभार मानले. ते आभार आम्हांस फार जड गेले. खेळापूर्वीं तो पत्ता म्हणजे एक संधि होती. खेळानंतर तें एक चित्र उरलें होतें. संधि काढून घेऊन आम्हीं चित्र परत केलें, आणि वर दात्याचा मान पदरांत पाडून घेतला.

आतां विचार करूं. प्रथम आम्हीं आपली बाजू होईल तितकी बळकट करून मांडून पाहिली. आम्हीं कोणताहि नियम मोडला नव्हता. गठ्ठ्यांतला कोणताहि पत्ता, कोणत्याहि कारणानें ठेवण्याची प्रत्येकास मुभा आहे. कोणी महागडा पत्ता केवळ विकावयास मिळावा म्हणून ठेवतो, त्यासहि कोणी अडवीत नाहीं. शिवाय खेळांत लहान म्हणून सवलत देणें हा त्या लहानाचा एक प्रकारें अपमानच आहे, हें मत आम्हांस आजहि मान्य आहे. मुलगा लहान म्हणून मुद्दाम चुकीची चाल करणारा मनुष्य त्याच्यावर उपकार करीत नाहीं. तो त्याचा विजय खोटा करून टाकतो, आणि मुलास हें बहुधा कळतेंहि. तेव्हां त्याच्या मार्गांत अडचण उभी केली, एवढ्यावरून आम्हांस दोष लावतां येणार नाहीं. अडचणी उभ्या करावयाच्या नसतील तर प्रतिपक्षी म्हणून बसावें तरी कशास?

योहान हॉइझिंगा या डच इतिहासकारानें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथांत खेळांतील दोन अपराध्यांमधला भेद दाखविला आहे. एक लबाडी करणारा. तो नियम चोरून मोडतो, परंतु खेळ मानण्याचें ढोंग तरी करतो. दुसरा खेळ मोडणारा. तो खेळाचें मायावी जगच नाकारतो, म्हणून समाज पहिल्यापेक्षां दुसऱ्यावरच अधिक रागावतो. आम्ही या दोहोंपैकीं कोणीहि नव्हतों. आम्हीं नियम पाळले होते आणि खेळहि मनापासून मानला होता. तरी मन स्वस्थ होईना. मग दोष होता तो कोठें?

तो शोधण्यास आम्हांस एक कल्पना उपयोगी पडली. समजा, तो मुलगा मुळींच बोलला नसता. दुसरें पाकीट त्याच्याकडून आमच्याकडे येत होतें. त्यांत एकहि चांगला तांबडा पत्ता येईना, यावरून त्याचा रंग आम्हीं ताडला असता, आणि मग तिसऱ्या पाकिटांत तोच ड्रॅगन अडविला असता. असें घडतें तर आमच्या मनास रुखरुख लागली असती काय? आम्हांस वाटतें, नसती लागली. फार तर चाल शहाणपणाची नव्हती, एवढें म्हटलें असतें. कृत्य तेंच, परिणामहि तोच. मुलगा तितकाच हरला असता. फरक एवढाच कीं, या कल्पित प्रकारांत त्याची गरज आम्हीं आपल्या बुद्धीनें ओळखली असती, आणि प्रत्यक्षांत ती त्यानें विश्वासानें आमच्या हातीं दिली होती. एवढ्या एका फरकानें कृत्याचा रंग बदलतो, त्या अर्थीं दोषहि तेथेंच असला पाहिजे.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील आपल्या निबंधांत एक कसोटी सांगितली आहे. तिचें तात्पर्य असें कीं, दुसऱ्याच्या हक्कांशीं संबंध असलेलें जें धोरण आगाऊ उघड करणें शक्य नसतें, तें अन्यायाचें समजावें. आमचें धोरण या कसोटीस लावून पाहिलें तर तें सपशेल उतरत नाहीं. 'तूं मागशील तो पत्ता मी अडवीन,' असें आम्हीं आरंभींच सांगितलें असतें तर मुलगा तोंड मिटून बसला असता. परंतु येथें कोणी रास्तपणें अशी शंका घेईल कीं, ही कसोटी खेळास लावली तर खेळच उरणार नाहीं. पत्त्यांत प्रत्येक बेत झांकलेलाच असतो, आणि उघडा केला तर फसतोच. शंका बरोबर आहे. तिचें उत्तर असें कीं, खेळांतल्या झांकापाकीस सर्वांचीच अनुमति असते. पालथे पत्ते पालथे आहेत, हें दोघांसहि ठाऊक असतें. फसविला गेलेला खेळाडू त्यास आधींच कबूल झालेला असतो. म्हणून प्रश्न एवढाच उरतो कीं, त्या मुलाचें बोलणें हें खेळाच्या आंत होतें कीं बाहेर?

मोठ्या सामन्यांत ड्राफ्ट चालू असतां एकमेकांशीं बोलण्यास किंवा पत्ते दाखविण्यास सक्त मनाई असते. संगनमत होऊं नये हा त्या नियमाचा उघड हेतु. परंतु त्याचा आणखी एक उपयोग आमच्या ध्यानांत या प्रसंगानें आला. तो नियम खेळाडूस एकमेकांच्या विश्वासापासून मोकळा ठेवतो. जो बोललाच नाहीं, त्याचा विश्वासघात होऊं शकत नाहीं. दुकानांतल्या शुक्रवारच्या मेळ्यांत हें कुंपण नाहीं. तेथें पत्ते आणि गप्पा एकाच मेजावर पसरलेल्या असतात, आणि कोणता शब्द खेळाचा व कोणता सोबतीचा, हें ज्याचें त्यास ठरवावें लागतें. मुलगा सोबतीचा शब्द बोलला होता. आम्हीं तो उचलून खेळांत आणला, आणि चालीसारखा वापरला. आमचा अपराध काय तो एवढा.

यावर एक आक्षेप राहतोच. तो मुलगा कांहीं आमच्या कानांत बोलला नव्हता. सात जणांच्या देखत मोठ्यानें बोलला होता. चव्हाट्यावर बोललेल्या शब्दास विश्वासाची ठेव कसें म्हणावें? आमच्या मतें याचा निर्णय शब्द किती मोठ्यानें उच्चारला यावरून होत नाहीं. बोलणाऱ्यास त्या बोलण्याची किंमत माहीत होती कीं नाहीं, यावरून होतो. मुरलेला खेळाडू 'मला तांबडा हवा' असें म्हणतो तेव्हां तें बोलणेंहि कदाचित् एक डावपेंच असतो, व तो खोटाहि असूं शकतो. त्याचा उपयोग करून घेण्यांत आम्ही त्यास फसवीत नाहीं. दुसऱ्यांदा ड्राफ्टला बसलेल्या मुलास बोलणें म्हणजे गमावणें हें ठाऊक नव्हतें. आम्हांस ठाऊक होतें, आणि आमच्या व त्याच्यामधल्या नेमक्या त्याच अंतराचा फायदा आम्हीं घेतला.

खेळाबाहेरच्या व्यवहारांतहि हाच विवेक उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. घर विकावयास काढलेला मनुष्य किंमत उतरवावयास तयार होईल, असें बाजारभावावरून ताडून घासाघीस करणाऱ्यास कोणी दुष्ट म्हणणार नाहीं. परंतु तोच मनुष्य चहा घेतां घेतां सहज बोलून गेला कीं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे या महिनाअखेर भरावयाचे आहेत, आणि तें ऐकून ज्यानें त्याच बैठकींत आपला भाव खालीं आणला, त्याच्याविषयीं आपलें मत निराळें होतें. कायदा दोघांसहि सारखाच निर्दोष ठरवील. परंतु दुसऱ्या माणसाच्या घरीं पुन्हां चहास जातांना आपण जपून बोलूं, आणि जेथें सगळेच जपून बोलूं लागतात तेथें चहा घेण्यांत अर्थ राहत नाहीं. अशा कृत्यानें एका मनुष्याचें नुकसान होतें तें होतेंच. त्यावांचून मोकळेपणानें बोलण्याची जी एक सामाईक सोय सर्वांनीं मिळून राखलेली असते, तिचाहि कांहीं भाग झिजतो.

असो. पुढच्या शुक्रवारीं तो मुलगा पुन्हां आला. आपली चूक त्यास सांगावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनाचा निश्चय होत नव्हता. सांगितल्यानें त्याचा मोकळेपणा जाईल, अशी एक सोयीची सबब आमच्याजवळ तयार होती. परंतु त्याच्या आईचे आभार खिशांत घेऊन त्याच्या शेजारीं बसणें आम्हांस जमेना. खेळ सुरू होण्यापूर्वीं आम्हीं त्यास सारें सांगितलें. आम्हांस वाटलें होतें कीं, तो रागावेल किंवा हंसण्यावारी नेईल. त्यानें दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. तो कांहीं वेळ विचार करीत राहिला आणि मग म्हणाला, "पण तुम्ही तर तांबडा खेळत नव्हतां."

त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती. गणितांतली एखादी पायरी न समजल्यावर मुलें विचारतात तसें त्यानें विचारलें होतें. आमच्याजवळ उत्तर नव्हतें; चूक झाली, एवढेंच आम्ही म्हणालों. त्यानें मान हालविली, आणि पाकिटें फोडण्याची वेळ झाली म्हणून आम्ही दोघेहि मेजाकडे वळलों. त्या दिवशीं तो आमच्या उजव्या हातास बसला होता. पहिल्या पाकिटांत त्यानें सोडलेले पत्ते आमच्याकडे यावयाचे होते. पहिला गठ्ठा आमच्यापुढें ठेवतांना तो हळूच म्हणाला कीं, आज आपण हिरवा रंग धरणार आहों. तें सर्वांस सांगावयाचें त्यानें या वेळीं टाळलें होतें. आम्हांस मात्र सांगितलें.